माझ्या फाटकाची भिंत झाली

मी जाळी बोलतेय. हात लावून बघू नका, हाताला काही लागणार नाही. मी कॉम्प्युटरमधली आहे. अजून न बांधलेल्या इमारतींची हुबेहूब चित्रं काढणारे लोक मला मटेरियल म्हणतात. काच, लाकूड, संगमरवर ही माझी भावंडं, आणि सगळी माझ्यापेक्षा लाडाची.

तरी माझा जन्म खऱ्या लोखंडापासून झाला. अंबाडी नाक्यावर रवींद्र यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यांनी बनवलेल्या पहिल्या फाटकाचा फोटो त्यांच्या मुलीने, धम्मदिनाने, भर उन्हात काढला. भिवंडीच्या ऑफिसात बसून तिने त्या फोटोतून मला घडवलं, आणि माझ्यासोबत माझी जुळी बहीणही. मी म्हणजे राखाडी रंग आणि थोडा गंज. बहीण नुसती काळी-पांढरी. पांढरं तिथे लोखंड, काळं तिथे भोक. ती सोबत असली तरच माझ्या आरपार दिसतं.

मानकोलीजवळच्या एका गावाशेजारी गोदाम होणार होतं. त्या जागेतूनच गावाची स्मशानात जायची वाट. गोदामाचे मालक विपुलशेठ यांनी ग्रामसभेत शब्द दिला होता, "भिंत घालीन, पण वाटेवर जाळीचं फाटक ठेवीन. कुलूप लावणार नाही." धम्मदिनाने चित्रात ते फाटक माझं केलं. माझ्या आरपार वाट दिसायची, टोकाला स्मशानाची शेड. इतकी भोकं असूनही मी मनातून फुगले होते.

पण ऑफिसचे मालक प्रितेश घाईचे.

"धम्मदिना, तुझ्या इंजिनाला एका चित्राला सात तास लागतात. दुसऱ्यात टाक. शेठला उद्या फ्लेक्स लावायचाय."

"सर, मग एकेक मटेरियल तपासावं लागेल."

"कन्व्हर्टर आहे ना? टाक!"

इंजिन म्हणजे आमच्यावर उजेड पाडून चित्र काढणारं सॉफ्टवेअर. प्रत्येकाची बोली वेगळी, आणि कन्व्हर्टर म्हणजे त्यांच्यातला दुभाषा. एखादा शब्द कळला नाही, तर तो विचारत बसत नाही, सरळ कापतो. त्याने काचेची चमक ओरबाडली. लाकडाच्या शिरा खरवडल्या. माझ्या बहिणीला तर ओळखलंच नाही. तिला माझ्यापासून तोडून बाहेर भिरकावलं आणि माझ्या एकेका भोकात राखाडी रंग कोंबला. मी किंचाळले. पडद्यावर माझ्या नावापुढे हिरवी बरोबरची खूण आली.

धम्मदिनाने काच सुधारली, लाकूड सुधारलं. मी चित्राच्या मागच्या कोपऱ्यात, नखाएवढी. एवढ्या लांबून जाळी काय नि भिंत काय, दोन्ही राखाडी दिसतात. तिने मला मोठं करून पाहिलंच नाही. मोठं केलं ते फ्लेक्सवाल्याने, वीस फुटांचं.

शेठच्या माणसांनी तो फ्लेक्स नेमका विसाव्याशी उभा केला. प्रेत नेताना जिथे तिरडी घटकाभर टेकवतात आणि खांदेकरी जागा बदलतात, ती ही जागा. बाहेरच्या माणसांना ती रिकामी वाटली.

चौथ्या दिवशी गावातल्या ठमाबाईंची तिरडी तिथे टेकली. पुढे त्यांचा मुलगा काळूराम, हातात विस्तवाचं मडकं. सगळे थांबले, आणि थांबलेली माणसं समोर बघू लागली. समोर मी होते.

"आपली वाट कुठं हाय रं यात?"

"न्हाय. फाटकच न्हाय. नुसती भिंत हाय."

काळूरामचे डोळे रडून आधीच लाल झाले होते. "म्हंजे आज आईला नेली ती शेवटची? उद्यापासून मानसं काय आभाळातून न्यायची?"

म्हातारे ओरडेपर्यंत त्याने मडकं माझ्यावर फेकलं. आईच्या चितेचा विस्तव मला लागला. प्लास्टिक वितळून थेंब थेंब गळायला लागलं. वॉचमन रामू पाण्याची बादली घेऊन धावत आला, "अरे भैया, सब जल जाएगा!" एवढंच म्हणाला तो. काळूरामने जळत्या चौकटीतला बांबू उपटला आणि त्याच्या तोंडावर घातला. एकदा, मग पुन्हा. रामू डोळा धरून कोसळला, बोटांतून रक्त वाहत होतं. तिरडी तशीच जमिनीवर होती, आणि कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

आईला कसाबसा अग्नी देऊन काळूराम तीस माणसांसह, फ्लेक्सवर छापलेला ऑफिसचा पत्ता शोधत, भिवंडीत आला. मी तिथेही होते. चित्रात एक, फाइलमध्ये एक, अशी मी अनेक ठिकाणी असते. त्यांनी खुर्च्यांनी पडदे फोडले. प्रितेश संडासात कडी लावून बसले. काळूरामने धम्मदिनाचा लॅपटॉप भिंतीवर आपटला.

"कुनी बुजवली आमची वाट?"

"दादा, थांबा! फाटक आहे!" तडकलेला लॅपटॉप तिने उचलला. जुन्या इंजिनात मूळ फाइल उघडली. बहीण माझ्याशेजारी आली. वाट दिसली, शेड दिसली.

काळूरामने पडद्यावरच्या शेडवर बोट टेकवलं. "मंग मी त्या भय्याचा डोळा कशापायी फोडला?"

"चूक माझी आहे," धम्मदिना म्हणाली. "मी मोठं करून बघितलं नाही."

काळूराम आता कोठडीत आहे. रामूचा डावा डोळा गेला. मला त्याचं फार वाईट वाटतं, तो तर मला विझवायला आला होता. आणि विपुलशेठ? ते म्हणाले, "असल्या गावाला फाटक कसलं?" त्यांनी सरळ भिंत चढवायला घेतली. पुरावा म्हणून दाखवतात ते माझंच बुजलेलं चित्र. म्हणे, पहिल्यापासून भिंतच ठरली होती. प्रितेश यांनी धम्मदिनाला मूळ फाइल पुसायला सांगितलं. तिने नोकरी सोडली, मला सोडलं नाही.

सोमवारी तहसील कचेरीत वाटेची सुनावणी आहे. शेठचे वकील स्वतःचा कॉम्प्युटर आणणार आहेत, आणि त्यात ते दुसरं इंजिन आहे. तहसीलदारसाहेब, मला त्यात उघडू नका. त्यात मी खोटी साक्ष देईन, आणि माझ्यापुढे पुन्हा हिरवी खूण येईल. मला धम्मदिनाच्या तडकलेल्या लॅपटॉपवर उघडा. आणि सोमवार पुढे ढकलू नका. भिंत छातीपर्यंत आली आहे. परवा गावाने एक तिरडी तिच्यावरून हातोहात पलीकडे दिली. आणखी चार थर चढले की तेही जमणार नाही.