घोट्यावरचा धागा

चिमाच्या अंगणात गर्दी मावत नव्हती. काशीराम भगताने तिच्या घोट्याला बांधलेला धागा सकाळी सैल होता, आणि आता संध्याकाळी मांसात रुतला होता.

"अळवंतीण दिवेलागणीला धरते नि पहाटे सोडते," भगत घुमत म्हणाला. "बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत ते. गरवारशीचाच पाय धरणार, दुसऱ्या कुणाचा नाय."

त्याच्या हुकमावरून सातव्या महिन्यातली चिमा महिनाभर अंधाऱ्या खोलीत बसून होती. रात्री पाय पाटावर चढवून निजायचं, अंगावर ऊन घ्यायचं नाही. नवरा मुंबईला. सासू हौसा मात्र मनातून कुरकुरत होती. भगताच्या उरलेल्या धाग्यातला तुकडा पहाटे तिने स्वतःच्या घोट्याला बांधला होता आणि राजापूरच्या बाजारात दिवसभर उभी राहून काजूबी विकून आली होती.

तिने लुगडं वीतभर वर केलं. धागा रुतलेला.

"काशीरामा, माझी साठी उलटली. मला भूत लागलंय, की दिवस गेलेत?"

अंगण हसलं. म्हाताऱ्या रघूला, तिच्या घरधन्याला, पानाचा ठसका लागला.

तपासणीला आलेल्या नर्स दमयंतीबाई पुढे झाल्या. "दिवसभर पाय खाली राहिले की पाणी उतरतं, सूज येते. रात्री पाय वर घेऊन निजलं की ओसरते. धागा आहे तेवढाच राहतो, पाय फुगतो. भगताचा सगळा मंत्र त्या पाटात आहे."

मग त्या चिमाकडे वळल्या. "डोकं दुखतं गो? डोळ्यांपुढं काजवे?"

"दोन दिस झाले, बाई. सकाळी तोंडपण सुजतं."

दंडाला पट्टा बांधला. पारा एकशे साठच्या वर गेला. हौसाचं हसू मावळलं.

"उन्हात नाय काढली, त्यानं झालं का वो?"

"ऊन हाडांना हवंच, पण हे त्यानं झालं असं मी सांगू शकत नाही. उन्हानं हा दाब उतरायचाही नाही. झटके आले तर मायलेकरं दोघं जातील. आत्ताच रत्नागिरीला न्यायला हवं."

"उंबरा ओलांडलात तर मी जबाबदार नाय," भगत म्हणाला.

"एरवी होतास काय मेल्या?" हौसा कडाडली. "बाजूला हो, बाईंची जीप आत येऊ दे."

इस्पितळात डॉक्टरांनी दाब आवरला, पुढे मुलगी झाली. चिमणीएवढी, पण आवाज थेट आजीचा.

बायांनो, पायांवरची सूज पुष्कळींना येते. पण डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे आले, तोंड सुजलं, तर भगत शोधू नका, दवाखाना गाठा. आणि काही दुखत नसलं तरी दर खेपेला रक्तदाब मोजून घ्या. तो धाग्याने कळत नाही.