घोंगड्याची लोकर

नानासाहेबांचा संशय आमच्यावर आणि माझा संशय माझ्याच सासूवर, असं ते त्रांगडं होतं.

गारखेड्यात नानासाहेबांच्या बंगल्यामागच्या खोलीत आम्ही भाड्यानं राहतो. मी सत्यशीला. जवळच्या हॉस्टेलात पोळ्या लाटते. नवरा वाळूजला कंपनीत, पोरगी दहावीला आणि सासू बानाबाई. म्हातारीनं आख्खी जिंदगी मेंढरांमागं काढली. गावाकडून येताना तिनं एकच जिन्नस छातीशी धरून आणला, काळं घोंगडं. सकाळी त्याच्यावर बसून ती देवाचं नाव घेते.

लई दिवसांपासून बंगल्याचं आणि आमच्या खोलीचं एकत्र ड्रेनेज तुंबत होतं. मोरीतलं पाणी खाली उतरायचंच नाय. नानासाहेबांनी बसल्या जागी निकाल लावला. "ही लोकर! मेंढरवाल्यांनी मोरीत घोंगडं धुतल्यावर दुसरं काय होणार?" त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, मान हलवली. शेवटी पाण्याच्या जोरानं गटार उपसणारी जेटिंगची गाडी बोलावली आणि मला बजावलं, "पाइपातून लोकर निघाली की खोली खाली करायची. पोरीची परीक्षा-बिरीक्षा मला सांगायची नाय."

माझं तर डोकंच फिरलं. ही खोली मिळण्याआधी आडनाव ऐकून किती दारं आमच्या तोंडावर लागली, ते आम्हालाच माहीत. पण मी बोलणार काय, कप्पाळ? गाडी यायच्या आदल्याच दिवशी मागचं चेंबर उफाळलं होतं आणि संध्याकाळी कामावरून आले तर दोरीवर घोंगडं ओलंगच्च.

"आत्याबाई, हे मोरीत धुतलंत?"

"नाय."

"मग आभाळातून पाणी पडलं व्हय याच्यावर?"

म्हातारी तोंड फिरवून बसली. मला वाटलं, आज धुतलं म्हणजे आधीपण धूत असणार. "तुमच्यापायी आम्ही रस्त्यावर येऊ," असं फाडकन बोलले. ती जेवली नाय, आणि मीही परत विचारलं नाय.

सकाळी गाडी आली. सांडू नावाच्या माणसानं चेंबरचं झाकण उचललं, जाड पाइप आत सारला आणि पंप चालू केला. पाण्याच्या जोरानं पाइप आपसूक पुढं सरकायचा आणि आतला गाळ मागं चेंबरात यायचा. गल्ली गोळा झाली. "आपल्या नळाला आठवड्यानं पाणी, आणि इथं गटारीला टँकर पाजतायत," कुणीतरी कुरकुरलं.

तेवढ्यात द्वारकाबाई फाटकाकडून आल्या. "अगं बाई, तुझी सासू घोंगडं काखेत मारून रिक्षात बसली की! स्टँडवर चल म्हणाली."

"बघा!" नानासाहेब ओरडले. "चोराच्या मनात चांदणं!"

पळाली म्हणजे धुतलंच असणार. आग लागो त्या घोंगड्याला, मी मनात म्हणाले. गाळ वर येत होता आणि नानासाहेबांच्या आधी मीच वाकून त्यात काळी लोकर शोधत होते.

सांडूनं गाळ फरशीवर ओढून त्यावर पाणी मारलं. फुगलेला तांदूळ. कापसाच्या वाती. झेंडू, बेलाची पानं, नारळाच्या शेंड्या. परत पाइप सारला, परत तेच.

"लोकर कुठाय, काका?" सांडू म्हणाला. "ही तर आख्खी पूजा हाय."

नानासाहेब बायकोकडं बघायला लागले. द्वारकाबाई उसळल्या. "निर्माल्य काय घंटागाडीत टाकू? खरकट्यात? वाहत्या पाण्यात सोडावं लागतं ते. रोज नदीवर कोण नेणार? मोरीची जाळी उचलून तांब्याभर पाण्यासंगं सोडते. तुम्हीच म्हणालात ना, देवाचं पायदळी येऊ देऊ नको म्हणून?"

"मग आता खोली कुणी खाली करायची, नानासाहेब? देवांनी?" मी म्हणाले. माणसं हसली. उत्तराला थांबले नाय, पळत कोपऱ्यावर जाऊन रिक्षा धरली.

स्टँडवर आमच्या गावाकडची, कन्नडची गाडी लागलेली. म्हातारी खिडकीशी, मांडीवर घोंगडं. मी धापा टाकत वर चढले.

"उतरा, आत्याबाई. लोकर नाय निघाली."

"मला ठाव हाय. देवाचं घोंगडं मोरीत धुतं व्हय कुणी?"

"मग भिजलं कसं?"

"काल गटारीचं पाणी दारातून आत शिरलं. पोरीची पुस्तकं सगळी भुईवर. मी एकटी काय काय उचलू? उंबऱ्याला घोंगडं लावलं." ती त्याच्यावरून हात फिरवत राहिली. "देवाचं मी गटारीत घातलं. कोणत्या तोंडानं सांगू? म्हणलं, गावाकडं नदीत धुऊन आणते."

"मला तरी सांगायचं होतंत."

"तू परत इचारलंच नाय," ती म्हणाली. "नानासाहेब तर परका माणूस. तू कशाला संशय घेतलास, बाई?"

डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, लाज वाटली. कंडक्टरनं घंटी मारली. मी तिच्या शेजारी बसले, घोंगड्याचं ओलं टोक माझ्या मांडीवर ओढून घेतलं. त्याला अजून गटारीचाच वास होता.

"कन्नड," मी कंडक्टरला म्हणाले. "दोन द्या."