आरशाला जाडी दिसत नाही

मित्रांनो, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या एका बाथरूमच्या खिडकीत पालथा पडलेला मी एक जुना आरसा आहे, हातात धरायचा. कारखान्यात मला मूठ बसवली, तेव्हा मी कुणाच्या तरी सुंदर केसांची स्वप्नं पाहत होतो. वाट्याला आली उल्हासरावांची कंबर.

२००३ साली वीणाताईंनी मला आणलं. नवऱ्याच्या कमरेवरचे खवलेदार चट्टे काही केल्या जात नव्हते. त्वचेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, हा पॅराप्सोरायसिस. बहुतेकांचा तसाच राहतो, पण थोड्यांना त्यातून लिम्फोमा, म्हणजे कर्करोग होतो. म्हणून घरी चट्टे पाहायचे, बोटांनी चाचपायचे, जाड लागले तर लगेच यायचं. एरवीही दर सहा महिन्यांनी दाखवायचं.

पाहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते इमानेइतबारे केलं. चाचपायचं मात्र राहूनच गेलं.

"अहो, मला जरा हात लावून बघू द्या ना," वीणाताई म्हणत.

"अगं, आरसा आहे ना. उगाच बाऊ नको करू."

मला तेव्हा फार बरं वाटायचं.

दर डिसेंबरला दोघं नागपूरला जात. उल्हासराव गच्चीवर उघड्या अंगाने उन्हात बसत. परत येईपर्यंत चट्टे जवळजवळ गेलेले असत.

"बघ, सगळा इथल्या थंडीचा प्रॉब्लेम आहे. अपॉइंटमेंट कॅन्सल करतो."

उन्हाने असे चट्टे दबतात, आजार जात नाही, हे क्लिनिकने सांगितलं होतं. पण सोयीचं तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलं.

२००७ च्या दिवाळीत त्यांचा खांदा आखडला, म्हणून अभ्यंगाचं तेल वीणाताईंनी चोळलं. कमरेपाशी त्यांचा हात थांबला.

"हे जाड लागतंय हो. पोळीच्या काठासारखं."

उल्हासरावांनी घाईने मला उचललं. मी नेहमीचंच दाखवलं, नुसता रंग.

तपासणीत लिम्फोमा निघाला, काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेला. उपचार चालू आहेत, पण डॉक्टर आता बरं होण्याबद्दल बोलत नाहीत. वीणाताई रोज त्यांच्या पाठीवरून हात फिरवतात. मला कुणी उचलत नाही. वाईट वाटतं, पण तक्रार कुणाकडे करू?

मित्रांनो, आरसा जरूर बाळगा, पण त्याच्यावरच विसंबू नका. घरचं माणूस हात लावून बघू का म्हणालं, तर पाठ पुढे करा. वीणाताईंनी चार वर्षं एवढंच मागितलं होतं.