कॅनॉलच्या वळणावर सोडलेली

धोंडुबाईची गाभण शेळी कुत्र्यांनी भर दुपारी फाडली. नुसती मारली असती तर धोंडुबाईनं नशिबाला बोल लावून गप्प बसायचं ठरवलं असतं. पण त्यांनी पोट उघडून आतलं करडू बाहेर ओढलं होतं. ती बोंब मारत बांधावरून धावत आली, तोवर एक दांडगा तांबडा कुत्रा ते करडू तोंडात धरून उसात शिरला. बाकीची टोळी त्याच्या मागं. शेळीचे पाय अजून हलत होते.

ही कुत्री गावची नव्हती. पलूसच्या पुढं कॅनॉलचा रस्ता जिथं वळतो, तिथं गाडी फिरवायला ऐसपैस जागा आहे आणि त्याला लागूनच धोंडुबाईची वस्ती. शहरातल्या गाड्या तिथं येऊन थांबत. मागचं दार उघडे, परत लागे, गाडी निघून जाई आणि रस्त्यावर एक कुत्रं उरे. कुणाचं म्हातारं झालेलं, कुणाचं खरजेनं केस गळालेलं, कुणाचं पिल्लू असताना गोजिरवाणं आणि वाढल्यावर घरात न मावणारं. सुरुवातीला ती बिचारी रस्त्याकडं तोंड करून बसत, प्रत्येक गाडीला शेपूट हलवत. मग भुकेनं पोटं खपाटीला गेली की पलीकडच्या पोल्ट्रीमागं जात. तिथं मेलेल्या कोंबड्या टाकलेल्या असत. रक्ताची चटक लागायला वेळ लागतो थोडाच?

वस्तीवर दोघीच. धोंडुबाई आणि तिची सून प्रांजल. मुलगा शिवतेज फौजेत, राजस्थानला. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आये, दार लावून बसत जावा."

"दार लावून शेळ्या चरत्यात व्हय रं?" म्हणून तिनं फोन सुनेच्या हातात दिला.

पंचायतीत गेली, तर ग्रामसेवकानं खुर्ची दिली, चहा दिला. "मावशी, मारू नका बरं का, केस होईल. तालुक्याची गाडी येईल, धरून नेतील." गाडी काही आली नाही.

आली ती कुत्रीच. प्रांजल डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन पाणंदीनं येत होती. हात वर, नजर पुढं. पहिल्या कुत्र्यानं मागून पोटरी धरली. ती भाऱ्यासकट तोंडावर आपटली आणि मग सगळी तिच्या अंगावर तुटून पडली. तिची किंकाळी ऐकून धोंडुबाई गोठ्यातनं हातातल्या कोयत्यासकट पळाली. समोर आलं त्याच्यावर तिनं घाव घातला. एका पांढऱ्या कुत्र्याच्या मानेत कोयता असा रुतला, की त्याच्या अंगावर पाय देऊन तिला तो उपसावा लागला. रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर उडाली. बाकीची मागं सरली. तांबडा मात्र जरा लांब जाऊन उभा राहिला आणि तिच्याकडं बघत ओठ चाटू लागला.

प्रांजलच्या मांडीतला मांसाचा लचकाच गेला होता. दवाखान्यात जखम धुताना ती सासूच्या हाताला चावली, पण ओरडली नाही.

त्या दिवसापासून धोंडुबाईनं कोयता जवळून हलवला नाही. भाकरी थापतानाही तो चुलीशेजारी असे.

पुढच्या आठवड्यात, रविवारी सकाळी, ती बांधावर गवत कापत असताना वळणावर एक पांढरी गाडी थांबली. काळा चष्मा लावलेला चाळिशीचा गडी उतरला. त्याची बायको आतच बसून होती. त्यानं मागचं दार उघडलं, पट्टा धरून एक मोठा अल्सेशियन खाली ओढला, आणि खिशातून बिस्किटं काढून लांब चरात भिरकावली. "जा रेक्स, जा!" कुत्रा बिस्किटांकडं न जाता त्याच्या पायाशी बसला.

धोंडुबाई उसाच्या कडेनं आली आणि गाडीच्या दारापुढं उभी राहिली.

"त्याला गाडीत घाल."

गडी दचकला, मग हसला. "अहो मावशी, आमचा फ्लॅट आहे, सोसायटीवाले कटकट करतात. तुमच्याकडं एवढं रान आहे. राखणीला होईल तुम्हाला. चांगल्या जातीचा आहे."

"माज्या सुनंची मांडी फाडली तीबी जातीचीच हुती. गाडीत घाल म्हनते न्हवं!"

"तुमचा काय संबंध? सरका बाजूला." त्यानं तिच्या खांद्याला हात लावून तिला ढकललं.

एवढंच निमित्त झालं. धोंडुबाईनं कोयता उलटा फिरवून पात्याची बोथट पाठ त्या गड्याच्या खांद्यावर घातली. हाड कडाडलं. तो गुडघ्यावर आला, चष्मा उडाला. दुसरा घाव त्यानं हातावर झेलला तशी त्याची बोटं वाकडी झाली. "मेलो, मेलो," करत तो चाकाशी गोळा झाला. धोंडुबाईला फक्त ती शेळी दिसत होती, आणि धुळीत पालथी पडलेली प्रांजल. तिसऱ्या वेळी तिनं कोयता सरळ धरला. तो खाली आला असता तर काय झालं असतं, हे तिला पुढं कैक दिवस झोपू देत नव्हतं.

पण तो खाली आलाच नाही. ज्याला हाकलून द्यायला आणलं होतं, त्या कुत्र्यानं झेप घेऊन तिचा दंड धरला. सगळ्या अंगाचा भार टाकून त्यानं तिला खाली पाडलं. दात आत शिरत गेले. कोयता हातातून सुटला.

"चला, अहो चला!" बायको आतून ओरडत होती. गडी कसाबसा उठला. त्यानं कुत्र्याकडं एकदा बघितलं, आत बसला, दार ओढून घेतलं. गाडी धुरळा उडवत निघाली.

गाडीचा आवाज ऐकताच कुत्र्यानं दंड सोडला. धन्याला वाचवल्यावर आता धन्याबरोबर जायचं, एवढंच त्याला ठाऊक. तो जीव तोडून गाडीमागं धावला. गाडी थांबली नाही. वळणापलीकडं दिसेनाशी झाली, तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

रक्ताच्या वासानं टोळी उसातनं बाहेर आलीच होती. तांबड्यानं त्याचा गळा धरला, इतरांनी पोट. अल्सेशियन ताकदीचा होता, एकाचा कान त्यानं मुळापासून उपटला, पण इतक्यांपुढं काय चालणार?

प्रांजल लंगडत घरातनं आली होती. सासूचा रक्तबंबाळ दंड बघून ती पदर फाडू लागली. "मरू दे आत्या, आपसांत मरू दे त्यास्नी."

धोंडुबाईनं डाव्या हातानं कोयता उचलला आणि ती रस्त्यावर गेली. तांबड्याची पाठ तिच्याकडं होती, जबडा दुसऱ्याच्या गळ्यात अडकलेला. तिनं त्याच्या मणक्यावर घाव घातला. डाव्या हातात जोर कमी म्हणून पुन्हा घातला, पुन्हा घातला. मागचं अंग लुळं पडलं तरी तो पुढच्या पायांनी फरफटत तिच्या अंगावर आला. मग तिनं डोकंच फोडलं. टोळी पांगली. तांबड्याच्या मानेत चामडी पट्टा मांसात बुडालेला होता. पिल्लू असताना कुणीतरी घातलेला, नंतर कुणी सैल न केलेला. त्याखाली किडे वळवळत होते.

अल्सेशियन जिवंत होता. आतडी धुळीत आली होती आणि तो मान वळवून गाडी गेली त्या वाटेकडं बघत होता.

"बघू नगंस तिकडं," धोंडुबाई म्हणाली. तिला पहिल्यांदाच रडू फुटलं. "न्हाई येत त्यो." तिनं त्याच्या डोळ्यांवर पदर टाकला आणि एका घावात त्याला मोकळं केलं.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "कुत्रं पाळीव होतं का मोकाट?" धोंडुबाई म्हणाली, "तुमाला काय लिवायचं ते लिवा."

तो गाडीवाला पोलिसात गेला नाही. काय म्हणून जाणार? उरलेली कुत्री वीटभट्टीच्या बाजूला सरकली, तिथून आता दुसऱ्यांच्या तक्रारी येतात. प्रांजलनं तांबडा आणि अल्सेशियन, दोघांसाठी दोन वेगळे खड्डे खणले. सासूनं एकच पुरे म्हटलं होतं, पण ती ऐकेना. मग दोघींनी बाभळीच्या काटेरी फांद्या ओढून वळणावरची मोकळी जागा भरून टाकली. ट्रॅक्टर तिथं फिरेना तसा सरपंच कुरकुरत आला.

"हलवून बघा की," प्रांजल म्हणाली. त्यानं तिच्या हातातल्या कोयत्याकडं बघितलं, मग ट्रॅक्टर मागं घेतला.