‘भिऊ नकोस’ म्हणणारा लाकडी हात

मित्रांनो, मी एक जुना लाकडी हात आहे. नुसता हात. मनगटाखाली गोल बैठक आणि संपलो.

मला घडवणारा सुतार एरवी खुर्च्यांचे पाय करायचा. तळवा समोर, बोटं वर, अशी माझी ठेवण करून तो बायकोला म्हणाला, "ही अभयमुद्रा. म्हणजे भिऊ नकोस, मी आहे." ती म्हणाली, "मला तर चौकातला पोलीस वाटतोय!"

तिथून मी दुसऱ्या मजल्यावरच्या मुद्रावर्गात आलो. वर्ग घेणाऱ्या गुरुताई माझ्याकडे बघून म्हणत, "शिका काही! कसा स्थिर आहे!" लाकूड हलत नाही यात कसलं आलंय कौतुक? पण मंडळी माना डोलवायची. अंगठा या बोटाला लावला की ज्ञान, त्या बोटाला लावला की ताकद. हात नव्हे, विजेची बटणंच जणू! आणि मुद्रा मोडली की म्हणे सगळी शक्ती गळून जाते. मुद्रेचा अर्थ मात्र कुणीच विचारत नसे. एक जाडे काका तर डोळे किलकिले करून शेजारणीची बोटं बघायचे, परीक्षेत कॉपी करावी तसे.

वर्गात एक तरुण आई यायची. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून रांगतं बाळ सोबत. एकदा तिने विचारलं, "ताई, जिन्याचं दार लावू का?"

"हवा कोंडते. किती गं घाबरतेस! आधी मन स्थिर कर."

सगळे हसले. ती ओशाळून बसली. डोळे मिटले गेले आणि बाळ थेट दाराकडे निघालं.

काकांनी ते पाहिलं. पण उठायचं तर मुद्रा मोडणार! गृहस्थांनी नाकातून नुसतं "हं... हं..." केलं. गुरुताई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "आवाज नको. मुद्रा मोडू नका." आणि मी? मी आपला तळवा दाखवत उभा. शोभेचा ठोकळा!

आईने डोळे उघडले.

"थांब, राजा!"

तिचा हात पुढे आला होता. तळवा समोर, बोटं वाकडीतिकडी. बाळ पायरीच्या काठावर थबकलं, वळून हसलं. तेवढ्यात तिने झडप घालून त्याला उचललं. मुद्रा माझीच होती, पण मला ती उभ्या आयुष्यात जमली नव्हती.

"झालं! सगळ्यांचं ध्यान मोडलंस," गुरुताई म्हणाल्या.

"तुम्ही बसा ना," बाळाला छातीशी घट्ट धरून ती म्हणाली. "तुमची शक्ती गळायला नको."

जाताना तिने दार असं आपटलं की मी चौरंगावरून पडलो आणि माझं एक बोट तुटलं. तेव्हापासून अडगळीत आहे. अजूनही तितकाच स्थिर आहे, पण आता कौतुक करायला कुणी येत नाही.

मित्रांनो, शांत बसा, हात जोडा, हवी ती मुद्रा करा. पण कुणी पडताना दिसलं, तर आधी ती बोटं सोडा आणि धावा. न हलणारा हातच हवा असेल, तर मी इथे धूळ खात पडलोच आहे.