गाडीला बाहेरचं आहे

आखडलेले गुडघे, खांदे आणि माना सोडवायला ती घरोघर जायची. पेशंट तिला कौतुकाने ‘वाकवणाऱ्या बाई’ म्हणत. पण गाडीच्या शोरूममधला टायवाला काही केल्या तिच्याने वाकेना.

गाडीचं दुखणं विचित्र होतं. मनात येईल तेव्हा दारांची कुलुपं आपोआप लागत, काचा वर जाऊन बसत, आणि मग कितीही बटणं दाबा, गाडी ढिम्म. मागच्या आठवड्यात एका पेशंटच्या फाटकाशीच ती आत कोंडली गेली. ज्या गृहस्थांचा खांदा महिनोन्‌महिने वर जात नव्हता, ते दोन्ही हात हलवत काचेपलीकडे धावत आले. एरवी तिला या प्रगतीचा आनंद झाला असता. त्या वेळी मात्र काचेवर तिच्याच श्वासाची वाफ धरत होती आणि बाहेरच्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, नुसती तोंडं हलताना दिसत होती. गाडीची मर्जी फिरली तेव्हा कुलूप उघडलं. तेव्हापासून ती काच फोडायला शेजारच्या सीटवर हातोडी ठेवून गाडी चालवत होती.

नवऱ्याने तोडगा सुचवला होता. “मी सोडत जाईन तुला. आणायलाही येईन. गाडीचं झेंगटच नको.” हे ऐकून तिचा जीव काचा न लागताही गुदमरला. ती गाडी म्हणजे तिचं एकटीचं असं एकमेव घर होतं, चाकांवरचं का होईना. ती वॉरंटीतच दुरुस्त करून घ्यायची, असं तिने पक्कं ठरवलं आणि गाडी शोरूममध्ये नेऊन ठेवली.

शोरूमचा फोन आला तेव्हा सगळे नाश्त्याला बसले होते. तिचे हात पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर.

“मॅडम, तुमच्या गाडीला बाहेरचं आहे,” टायवाला म्हणाला. “वॉरंटीत बसत नाही.”

सासूबाईंनी कप खाली ठेवला. “तरी मी म्हणत होते. दारं काय आपोआप लागतात, हॉर्न काय मध्येच वाजतो.”

“आई,” ती म्हणाली, “बाहेरचं म्हणजे बाहेरून कोणीतरी वायरिंग केलंय, असं म्हणतायत ते.”

“बाहेरचं ते बाहेरचंच. त्याला वायर असो नाहीतर नसो. मी नाही बाई बसायची त्यात.”

“पण मी कोणाला हातही लावू दिलेला नाही गाडीला,” ती म्हणाली. “आजच जाऊन भांडते.”

नवऱ्याने पेपरातून मान वर केली नाही. “जाऊ दे. काय होईल ते भरून टाकू. कशाला वाद?”

टूथपेस्टची ट्यूब जरा चपटी निघाली म्हणून दुकानदाराशी भांडून ती बदलून आणणारा हा माणूस. पण नवऱ्याच्या उदारपणाची पावती बायका मागत नाहीत, आणि हिशेबात घोळ होतो तो इथेच. तिला उलट भरून आलं. तसा तो होताच काळजीवाहू. ती बेकरीसमोर थांबायचा अवकाश, त्याचा फोन यायचा. “कुठे आहेस?” आणि तिने तोंड उघडायच्या आत, “बेकरीच्या बाजूला असशील तर टोस्ट आण.” सासूबाई म्हणत, मनं जुळली की असं होतं.

शोरूममध्ये टायवाल्याने तिला गुबगुबीत सोफ्यावर बसवलं. त्या सोफ्यात माणूस इतका खोल रुते, की भांडायचं तर आधी उठावं लागे. ती उभ्यानेच भांडली.

“तुमची चूक झाकायला हे बाहेरचं-बिहेरचं काढलंत तुम्ही.”

“मॅडम, सगळेच म्हणतात हात लावला नाही. एकाने गाडीत मिक्सर जोडला होता, तोही हेच म्हणायचा.”

“माझ्या गाडीत मिक्सर दाखवा, मग बोला.”

“चला, दाखवतो.”

त्याने टाय खांद्यावर टाकला, स्टिअरिंगच्या खाली वाकला आणि टॉर्च मारला. वायरींच्या जुडग्यात काळी चिकटपट्टी गुंडाळलेला एक जोड होता, आणि जोडाला लोंबकळत एक डबी. काडेपेटीएवढी. तिच्यावरचा हिरवा दिवा उघडमीट करत होता.

“ट्रॅकर,” तो म्हणाला. “गाडी कुठे गेली, कुठे किती वेळ थांबली, सगळं मोबाइलवर दिसतं. बसवणाऱ्याने लॉकच्याच वायरीला जोड दिलाय, तोही कच्चा. म्हणून कुलुपं बिथरली.”

“मी नाही बसवलेलं.”

तिचा आवाज असा पडला की त्यालाही पटलं. “मग तसं लिहून द्या ना. अनोळखी माणसाने बसवलं म्हणून पोलिसांत कळवा. आत सिमकार्ड आहे, कोणाच्या नावावर आहे ते लगेच कळेल. मग वॉरंटीसाठी मी स्वतः कंपनीशी भांडतो. कोणावर संशय आहे?”

ती दिव्याकडे बघत राहिली. बेकरी. टोस्ट. ‘जाऊ दे, भरून टाकू.’ न मांडलेली बेरीज एकेक आकडा करत जुळत गेली. गाडीचं दार उघडं होतं, तरी काचेवर पुन्हा वाफ धरल्यासारखं तिला वाटलं.

“तुमचं तसं बरोबर होतं,” ती अखेर म्हणाली. “एकच शब्द चुकला. बाहेरचं नाही, घरचं आहे.”

टायवाल्याने टाय खांद्यावरून काढून उगाचच सरळ केला. लग्न झालेला माणूस होता. “मग असं करू का,” तो हळू आवाजात म्हणाला, “पक्का जोड देतो. कुलुपं त्रास देणार नाहीत, डबीही राहील. घरात कोणाला काही कळायचं कारण नाही.”

तो मनापासून भल्याचं सांगत होता. अशा पक्क्या जोडांवर पुष्कळ घरं सुखाने चाललेली असतात.

“काढा,” ती म्हणाली.

“काढल्याबरोबर त्यांच्या मोबाइलवर दिसेल.”

“दिसू दे.”

“आणि वॉरंटी...”

“बिल करा.”

पक्कड आत गेली. हिरवा दिवा एकदा उघडला आणि मिटला तो मिटलाच. जोड दुरुस्त झाल्यावर ती गाडीत बसली, दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. काच खाली घेतली. हातोडी उचलून मागच्या सीटवर टाकली.

तेवढ्यात फोन वाजला.

“कुठे आहेस?” नवरा म्हणाला.

पुढे टोस्ट नाही, काही नाही. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच उत्तरासाठी विचारला होता.

“बाहेर,” ती म्हणाली, आणि किल्ली फिरवली.