टेबललॅम्पाचा सूड

दाजींनी शेवटी भर दुपारी, पांढऱ्या पँटीत, धाकट्याच्या पिकअपपुढे गुडघे टेकले आणि नाक जमिनीला लावलं. असं काही घडलेलं नाही. ताईने घरात सगळ्यांना तशी शपथच घातली आहे. तेव्हा जे घडलंच नाही, ते नीट पहिल्यापासून सांगायला हवं.

धाकट्याकडे वडिलांची सहा सिलिंडरची जुनी पिकअप होती. लोकांची कपाटं, पलंग या घरातून त्या घरात नेऊन तो पोट भरायचा. गाडी सकाळी खोकायची, पण एकदा घसा मोकळा झाला की कपाटांसकट चढ चढायची. त्या खोकल्याची दाजींना दया आली. दाजी म्हणजे ताईचा नवरा. चढावर त्यांची नव्या गाड्यांची शोरूम.

"मेव्हणे, कार्बोरेटर सोडा आमच्याकडे. असा साफ करून देतो, की तोंड बघा त्यात."

तोंड खरंच दिसत होतं. बरेच दिवस वाट पाहून धाकटा शोरूमवर गेला, तर कार्बोरेटर दाजींच्या टेबलावर लाकडी ठोकळ्यावर उभा होता. घशातून वायर, डोक्यावर पिवळी टोपी, टोपीखाली बल्ब. दाजींनी त्याचा टेबललॅम्प केला होता.

"दाजी, हा माझा आहे."

"होता. आता ती कलाकृती आहे." दाजींनी बटण दाबलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "आमच्या मेव्हण्यांच्या डब्यात असताना याने कधी उजेड पाडला नव्हता."

गिऱ्हाईक हसलं. ते एक वेळ चाललं असतं. कोपऱ्यात ताई बसली होती, तीही हसली. ते चाललं नाही.

पायऱ्या उतरतानाच धाकट्याने ठरवलं. हाच चढ, याच गाडीने, दाजींच्या फाटकासमोरून असा गर्जत चढायचा, की शोरूमच्या काचा थरथरल्या पाहिजेत आणि दाजींच्या हातातला चहा दाजींच्याच पँटीवर सांडला पाहिजे. चहा कडक असावा, हेही त्याने ठरवून टाकलं.

जुन्या सुट्या भागांचं दुकान काकूंचं. त्या कुणाच्या काकू, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना काकूच म्हणत. त्यांनी एक कार्बोरेटर पुढे ठेवला.

"हा एका घशाचा, हवा ओढायला एकच भोक. तुझ्या जुन्याचा सख्खा भाऊ. बसव आणि विसर."

"आवाज किती करतो?"

"आवाज कशाला हवाय?"

"पुढचा दाखवा."

"हा दोन घशांचा. खाली प्लेट घालावी लागेल. चालेल, पण पेट्रोल ढोसेल."

"आणि तो?"

कोपऱ्यात पातेल्याएवढा एक पडला होता, चार घशांचा. "तो आठ सिलिंडरच्या मोटारबोटीचा. त्याला हात लावू नकोस."

धाकट्याने दोन्ही हात लावले.

"अरे, सहा माणसांचं घर तुझं आणि बाराशे माणसांचं पातेलं कुठे चढवतोस? गुदमरेल की इंजिन!"

"काकू, मला गाडी चालवायची नाही. सूड घ्यायचाय."

काकूंनी चष्मा पुसला. "सुडाचा वेगळा कार्बोरेटर येत नाही रे. लोकांना उगाच वाटतं. मागे एक जण सासऱ्यासाठी ट्रकचा हॉर्न घेऊन गेला. आता सासरा बहिरा झाला आणि हा रोज त्याला ओरडून पेपर वाचून दाखवतो." तरी त्यांनी ते धूड बांधून दिलं आणि वर जुन्या, एका घशाच्या कार्बोरेटरच्या मापाचं पॅकिंग टाकलं.

"हे कशाला?"

"सूड उतरला की लागेल."

कार्बोरेटर बसला, पण बॉनेट मिटेना. दात दुखणाऱ्याच्या गालाला फडकं बांधतात, तसं धाकट्याने ते दोरीने बांधलं. रिकामी गाडी कुणीही चढवील, म्हणून मागे लोखंडी कपाटं भरली आणि निघाला.

सपाट रस्त्यावर काय तो आवाज! दोन कुत्री भुंकायला धावली आणि विचार बदलून घरी गेली. पण चढ लागला तशी गाडी पेट्रोल घटाघटा पिऊ लागली. काळा धूर ओकला, एक शिंक दिली, आणि मागे घसरून ती ऐन दाजींच्या फाटकात वाट अडवून आडवी उभी राहिली. मागचा बंपर खांबाला टेकला. सगळं शांत.

दाजी टाळ्या वाजवतच बाहेर आले. "वा, मेव्हणे! बिचारीने माझ्याच दारात प्राण सोडला!"

धाकट्याला धरणी दुभंगावी असं झालं. तेवढ्यात आतून हॉर्न वाजला. शोरूममधली सगळ्यात महागडी गाडी घेऊन एक गिऱ्हाईक फाटकाशी येऊन थांबलं होतं, आणि त्या पांढऱ्याशुभ्र गाडीवर पिकअपची काजळी अलगद उतरत होती.

"हटवा हो हे!" गिऱ्हाईक ओरडलं.

विक्रेत्यांनी टाय खांद्यावर टाकून ढकलून पाहिलं. कपाटं नुसती खडखडली. क्रेनवाला फोनवर म्हणाला, संध्याकाळी बघू.

धाकट्याला एकदम फार शांत वाटू लागलं. "आत्ता हलेल, दाजी. फक्त एका घशाचा कार्बोरेटर हवा. तुमच्या टेबलावर आहे."

"तो लॅम्प आहे!"

"लॅम्प द्या, नाहीतर ही नवी गाडी तुमच्याकडेच ठेवा," गिऱ्हाईक म्हणालं.

ताईने लॅम्प आणून दिला. धाकट्याने हात मागे घेतले. "माझे हात पेट्रोलचे. ज्याने वायर घातली, त्यानेच काढावी."

दाजी रस्त्यावरच गुडघ्यावर बसले. वायर घशातल्या झडपेत अडकली होती. ती उपटताना एक स्क्रू निसटून पिकअपखाली गेला, आणि तो शोधायला दाजींना नाक जमिनीला लावावं लागलं. ताई पुन्हा हसली. या वेळी चाललं.

काकूंचं पॅकिंग कामी आलं. पिकअप खोकली, घसा मोकळा केला आणि कपाटांसकट चढून गेली. अगदी गुपचूप. एकही काच हलली नाही. चहा तर कुणी केलाच नव्हता. धाकट्याला हे रात्रभर बोचत राहिलं.

सकाळी शोरूमवर एक खोकं पोचलं. आत ते चार घशांचं धूड होतं आणि वर एक अर्ज:

"विषय: वाहनाची माफी मागण्याबाबत.

महोदय, सोबतच्या वस्तूचा आपण सवडीने लॅम्प करावा. बल्ब चार लागतील. सदर वाहनास आपण 'डबा' असे संबोधल्याने त्याच्या सहाही सिलिंडरच्या भावना दुखावल्या आहेत. तरी आपण पांढरी पँट परिधान करून, कडक चहाचा भरलेला कप स्वहस्ते स्वतःवर ओतून घेऊन, प्रत्येक सिलिंडरची स्वतंत्रपणे व मोठ्याने माफी मागावी, ही नम्र विनंती. त्या वेळी इंजिन चालू ठेवण्यात येईल, जेणेकरून वाहनास ऐकू येईल."